लंबकाचीं दोन कामें

जुन्या भिंतीवरील घड्याळांत इकडून तिकडे हेलकावणारा लंबक पुष्कळांनीं पाहिला असेल. दोरीस किंवा कांबीस टांगलेलें एक वजन, यापलीकडे त्यांत विशेष असें कांहींच नाहीं. परंतु या साध्या वस्तूनें मनुष्यजातीचीं दोन मोठीं कामें केलीं आहेत, आणि तीं वरवर पाहतां परस्परविरुद्ध वाटतात. पृथ्वीच्या पोटांत दूर कोठें तरी उठलेला सूक्ष्म कंप ओळखणें हें पहिलें काम. आणि उंच इमारती, लांब पूल, विजेच्या तारा यांस सुटलेला कंप शांत करणें हें दुसरें. एकच वस्तु कंप जाणणारीही होते व कंप आवरणारीही होते, हें कसें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाहीं. महाराष्ट्राची भूमि काळ्या पाषाणाची, घट्ट व अचल आहे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगर येथें ती समजूत ढळली. आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व आसपासच्या गांवीं हजारों माणसें स्वतःच्याच घरांच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं, तेव्हां ती पार नाहींशी झाली. म्हणून कंप म्हणजे काय, तो ओळखावा कसा व त्यास आवरावें कसें, हें ज्ञान आपणांस परकें राहून चालणार नाहीं.

प्रथम एक लहानसा प्रयोग करून पाहूं. सुमारें एक मीटर लांबीचा दोरा घ्यावा, त्याच्या टोकास एखादा दगड किंवा कुलूप बांधावें आणि दुसरें टोक हातांत धरून दगड स्थिर होऊं द्यावा. आतां हात झटकन् दोन बोटें उजवीकडे न्यावा व लगेच परत आणावा. दोरा तिरपा होईल, परंतु दगड त्या क्षणीं जवळजवळ जेथल्या तेथेंच राहील. जी वस्तु स्थिर आहे ती स्थिरच राहूं पाहते. या गुणास जडत्व म्हणतात. हात हालला व दगड हालला नाहीं. अर्थात् हात किती हालला हें मोजावयाचें असेल, तर त्या स्थिर दगडापासून मोजतां येईल. लंबकाच्या पहिल्या कामाचें सर्व मर्म एवढेंच आहे.

प्रयोगाचा दुसरा भाग असा. दगडास एका बाजूस ओढून सोडून द्यावें व घड्याळ समोर ठेवून हेलकावे मोजावेत. एक मीटर दोऱ्यावरील दगडास जाऊन परत येण्यास सुमारें दोन सेकंद लागतात. दोरा पाव मीटर केला तर एकच सेकंद लागतो. दगड लहान असो कीं मोठा असो, काळांत फरक पडत नाहीं. तो केवळ लांबीवर अवलंबून असतो. या काळास आवर्तकाल म्हणतात. लंबकासच नव्हे, तर घर, पूल, धरण, ताणलेली तार अशा प्रत्येक वस्तूस आपापला आवर्तकाल असतो. झोपाळ्यावर बसलेल्या लहान भावंडास आपण त्याच्या झोक्याच्या तालावर हलकेच धक्का देत गेलों, तर झोका चढतच जातो. ताल सोडून कितीही जोरानें ढकललें तरी तो चढत नाहीं. बाहेरचा धक्का व वस्तूचा स्वतःचा ताल जुळला म्हणजे अल्प बळानेंही मोठा कंप उत्पन्न होतो. यास अनुनाद म्हणतात. जडत्व, आवर्तकाल आणि अनुनाद हे तीन शब्द ध्यानांत ठेवले म्हणजे पुढील सर्व गोष्टी सहज उलगडतील.

कंप ओळखण्याचें पहिलें प्रसिद्ध यंत्र चीन देशांत झालें. हान राजवंशाच्या काळीं चांग हंग नांवाच्या ज्योतिर्विदानें इ. स. १३२ मध्यें काशाचें एक मोठें भांडें तयार करून राजदरबारास सादर केलें. भांड्याच्या बाहेरून आठ दिशांस आठ ड्रॅगनांचीं तोंडें होतीं, प्रत्येकाच्या जबड्यांत एक गोळी होती, आणि खालीं तोंड वासून बसलेले आठ बेडूक होते. भूमीस धक्का बसला कीं एका तोंडांतील गोळी खालच्या बेडकाच्या तोंडांत खणकन् पडे. एकदां राजधानींत कोणास कांहींच जाणवलें नसतां गोळी पडली. लोकांनीं यंत्राची थट्टा केली. परंतु कांहीं दिवसांनीं पश्चिमेकडील लोंगशी प्रांतांतून भूकंपाची वार्ता घेऊन जासूद आला, अशी नोंद चिनी इतिहासांत आहे. मूळ यंत्र नष्ट झालें आहे; आंत लंबकासारखेंच कांहीं साधन असावें, असा पुष्कळ विद्वानांचा तर्क आहे.

तें यंत्र कंप झाला एवढेंच सांगे. तो कसा झाला, किती वेळ टिकला, हें सांगत नसे. ती पुढची पायरी जपानांत गांठली गेली. २२ फेब्रुवारी १८८० रोजीं योकोहामा शहरास भूकंपाचा धक्का बसला. त्या वेळीं जॉन मिल्न, जेम्स यूइंग व थॉमस ग्रे हे ब्रिटिश अध्यापक जपानांत शिकवीत होते. त्याच वर्षीं जपानची भूकंपशास्त्र-मंडळी स्थापन झाली व या तिघांच्या प्रयत्नांनीं कंपाची रेघ उमटविणारीं यंत्रें सिद्ध झालीं.

यांत एक मोठी अडचण होती. भूमीचा कंप कित्येकदां अगदीं संथ असतो. हात सावकाश हालविला म्हणजे दोऱ्यावरील दगडही जसा बरोबर चालूं लागतो, तसाच लंबकही संथ कंपाबरोबर वाहून जातो. त्यानें स्थिर राहावें असें वाटत असेल, तर त्याचा स्वतःचा आवर्तकाल कंपाहून पुष्कळ मोठा हवा. वीस सेकंदांचा लंबक साध्या दोऱ्यानें करूं गेल्यास दोरा शंभर मीटर लांब लागेल! यावर त्या लोकांनीं काढलेली युक्ति आपल्या घराच्या दारावरून समजते. दाराच्या बिजागऱ्या बरोबर एका ओळंब्यांत नसून अगदीं किंचित् कललेल्या असल्या, तर दार आपोआप, पण फार सावकाश झुलतें. तसाच एक दांडा, टोकास वजन बांधून, जवळजवळ उभ्या असलेल्या आंसाभोंवतीं आडवा झुलता ठेविला. यास आडवा लंबक म्हणतात. हात-दोन हात लांबीच्या दांड्यांत त्यामुळें शंभर मीटर दोऱ्याचा गुण येऊं शकला.

या आडव्या लंबकाचें सामर्थ्य एप्रिल १८८९ मध्यें जगास कळलें. जर्मनींत पॉट्सडाम व विल्हेल्म्सहाफेन येथें फॉन रेबॉयर-पाशविट्झ या शास्त्रज्ञानें आपले नाजूक लंबक ठेविले होते. त्यांवर एके दिवशीं एक विलक्षण कंप उमटला. पुढें टोकियोच्या भूकंपाची वेळ वाचण्यांत आली, तेव्हां त्यानें दोहोंचा मेळ घातला. भूकंप जपानांत झाला होता व त्याची लाट पृथ्वीच्या अंगांतून जर्मनीपर्यंत पोंचली होती. यानंतर मिल्न यानें १८९५ मध्यें इंग्लंडास परतून वाइट बेटावरील आपल्या घरून जगभरच्या वेधशाळांची एक सांखळी उभारली. १२ जून १८९७ रोजीं आसामांत अतिप्रचंड भूकंप झाला. त्यानंतर थोड्याच काळांत आपल्या देशांतही कलकत्त्याजवळ अलीपूर येथें व मुंबईंत कुलाब्याच्या वेधशाळेंत मिल्नचीं यंत्रें बसलीं. भारतीय भूगर्भ-सर्वेक्षण खात्यांतील रिचर्ड ओल्डहॅम यानें याच आसामच्या भूकंपाच्या नोंदी तपासून, भूकंपाच्या लाटा तीन प्रकारच्या असून त्या वेगवेगळ्या वेगानें धांवतात, हें दाखवून दिलें.

तरी एक दोष राहिलाच होता. भूमीचा धक्का थांबला तरी लंबक आपल्याच तालावर हेलकावत राही, आणि कागदावरील रेघेंत भूमीचा कंप कोणता व लंबकाचा कोणता, हें कळेनासें होई. जर्मनींतील ग्योटिंगेन येथील एमिल विखर्ट यानें १९०० सालच्या सुमारास यावर तोड काढली. त्यानें लंबकास हवेचा दट्ट्या जोडला. वजन हालूं लागलें कीं दट्ट्यास हवा दाबावी लागे. त्या विरोधानें वजनाचा स्वतःचा हेलकावा लवकरच मरून जाई व भूमीचा कंप तेवढा शुद्ध उमटे. या क्रियेस अवमंदन म्हणतात. लेखणीचें घर्षण नगण्य व्हावें म्हणून विखर्टनें पुढें सतरा टन वजनाचाही लंबक केला. अर्थात् लंबकानें दुसऱ्याचा कंप खरेपणानें सांगावा, तर आधीं त्याचा स्वतःचा कंप आवरावा लागला.

या मोजणीचा उपयोग काय, असें कोणी विचारील तर त्यास कोयनेचें उदाहरण द्यावें. १९६७ च्या भूकंपाच्या वेळीं कोयनेच्या धरणाच्या अंगांतील एका बोगद्यांत धक्क्याचें बळ नोंदणारें यंत्र बसविलेलें होतें. धरणापासून थोड्याच अंतरावर भूकंप झाला, दीडशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि सुमारें १०३ मीटर उंचीच्या त्या धरणास, जेथें त्याच्या पाठीचा उतार बदलतो त्या वरच्या भागांत, आडव्या भेगा पडल्या. धरण मात्र फुटलें नाहीं. त्या यंत्रानें नोंदलेलें त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या निम्म्याहून अधिक होतें. धक्क्याची नोंदही हातीं होती व धरणास झालेली इजाही डोळ्यांसमोर होती. असा जोड क्वचित् मिळतो. त्यामुळें कोयनेचें धरण मजबूत करतांना तर ती रेघ उपयोगीं पडलीच, पण धरणें भूकंपांत कशीं वागतात हें शिकणारे देशोदेशींचे अभियंते अद्यापि कोयनेच्याच नोंदीवर आपलीं गणितें पारखून पाहतात.

आतां लंबकाच्या दुसऱ्या कामाकडे वळूं. तालबद्ध धक्क्यांनीं केवढा अनर्थ होतो हें पुलांनीं मनुष्यास शिकविलें. १२ एप्रिल १८३१ रोजीं इंग्लंडांत मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी पावलांचा ताल धरून चालली असतां पूल डोलूं लागला व कोसळला. अनेक सैनिक जखमी झाले. तेव्हांपासून पुलावर ताल मोडून चालण्याची आज्ञा इंग्रजी सैन्यांत रूढ झाली. १८५० मध्यें फ्रान्सांत आंजे येथें भर वादळांत एक पलटण पूल ओलांडीत असतां गंजलेल्या तारा तुटल्या व दोनशेंहून अधिक सैनिक प्राणांस मुकले.

ताल मोडा, असें सैनिकांस सांगतां येतें. वाऱ्यास कोण सांगणार? वस्तु अधिक जाड व ताठ करणें हा एक उपाय. परंतु त्यास खर्च फार व मर्यादाही लवकर येते. दुसरा उपाय हेर्मान फ्राम या जर्मन अभियंत्यास सुचला व त्यानें १९०९ मध्यें त्याच्या स्वामित्वहक्कासाठीं अर्ज केला. त्याचें तत्त्व असें : ज्या वस्तूस आवरावयाचें, तिच्याच आवर्तकालाचें एक लहान वजन लंबकावर किंवा स्प्रिंगवर बसवून तिच्याच अंगास जोडावें. वस्तु डोलूं लागली कीं वजनही डोलूं लागतें. परंतु जडत्वामुळें तें तालांत मागें पडतें. वस्तु उजवीकडे जाऊं पाहते तेव्हां वजन तिला डावीकडे ओढतें, ती डावीकडे वळते तेव्हां उजवीकडे ओढतें. झोपाळ्यास प्रत्येक वेळीं उलट वेळेला धक्का देणारा हा जणूं एक सेवकच होय. ज्या अनुनादानें कंप वाढतो, त्याच अनुनादानें तो या वजनांत उतरतो. आणि त्यास जोडलेल्या तेलाच्या नळकांड्यांत त्याची उष्णता होऊन तो विरून जातो. मोटरसायकलच्या चाकापाशीं जो शॉक अब्सॉर्बर असतो, त्यांतील तेलही हेंच काम करतें.

याचा सर्वांत लहान नमुना आपण नित्य पाहतों, पण ओळखीत नाहीं. उच्च दाबाची वीज नेणाऱ्या मोठ्या मनोऱ्यांजवळ तारेस खालीं डंबेलसारखें, दोन टोकांस दोन वजनें असलेलें, हातभर लांबीचें एक साधन लोंबत असतें. मंद वाऱ्यानें तार सतत थरथरते व कालांतरानें आधारापाशीं तुटूं शकते. त्या थरथरीस गिळून टाकणारें हें साधन अमेरिकेंतील जॉर्ज स्टॉकब्रिज यानें १९२० नंतरच्या दशकांत शोधून काढलें.

सर्वांत प्रसिद्ध नमुना तैवानच्या तैपेई शहरांत आहे. तेथें २००४ मध्यें पूर्ण झालेल्या ५०८ मीटर उंच ‘तैपेई १०१’ या इमारतींत पोलादी पत्र्यांचे थर जोडून केलेला, साडेपांच मीटर व्यासाचा व ६६० टन वजनाचा गोळा जाड तारांनीं ब्याण्णवाव्या मजल्यावरून टांगलेला आहे. त्याच्या तारांची लांबी इमारतीच्या सुमारें सात सेकंदांच्या आवर्तकालाशीं जुळविलेली आहे. तुफानी वाऱ्यांत इमारत डोलूं लागली कीं हा गोळा उलट डोलून तिला सांवरतो. ८ ऑगस्ट २०१५ रोजीं आलेल्या तुफानांत हा गोळा आपल्या जागेपासून सुमारें एक मीटर सरकला होता. लंडन येथील ‘मिलेनियम’ पादचारी पुलाची कथाही अशीच. १० जून २००० रोजीं तो खुला झाला, तोंच माणसांच्या पावलांनीं आडवा डोलूं लागला. पूल थोडा डोलला कीं तोल सांवरण्यासाठीं माणसें नकळत त्याच तालावर पाय टाकीत, व तेणेंकरून डोल आणखीच वाढे. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. तेलाचे अवमंदक व पन्नासांच्या आसपास अशीं जुळविलेलीं वजनें बसविल्यावर २००२ मध्यें तो पुन्हां खुला झाला.

येथें कोणासही असें वाटेल कीं, मग किल्लारीच्या प्रत्येक घरांत एकेक गोळा टांगला असता म्हणजे झालें असतें! परंतु तसें नाहीं. जुळविलेलें वजन एका ठराविक तालासच आवरतें. वाऱ्याचा जोर तासन्‌तास टिकतो. त्या अवधींत वजनास काम करण्यास सवड मिळते. भूकंपाचे धक्के अनेक तालांचे व अल्पकाळाचे असतात, आणि बसकें दगडी घर तर सेकंदाच्या अल्पशा भागांतच हादरतें. तेथें निराळा उपाय हवा.

तो उपाय पुन्हां आपल्या पहिल्या प्रयोगांतच सांपडतो. हात झटकन् हालला, पण दोरा मऊ असल्यामुळें दगड हालला नाहीं. घर हेंच दगडाच्या ठिकाणीं मानलें, तर भूमि व घर यांच्यामध्यें कांहीं तरी मऊ वस्तु हवी. न्यूझीलंडांतील विल्यम रॉबिन्सन यानें १९७० नंतरच्या दशकांत रबर व पोलाद यांचे एकाआड एक थर देऊन मध्यभागीं शिशाचा दंडगोल बसविलेल्या गाद्या तयार केल्या. अशी गादी वरचें ओझें घट्ट पेलते, पण आडवी सहज सरकते. आणि शिसें वांकतां वांकतां धक्क्याचें बळ खाऊन टाकतें. वेलिंग्टन येथें १९८१ मध्यें पूर्ण झालेल्या इमारतींत त्या प्रथम वापरल्या गेल्या. २००१ च्या गुजरातेंतील भूकंपांत भूज येथील रुग्णालय कोसळलें. त्याच्या जागीं उभारलेल्या नव्या रुग्णालयाखालीं अशाच गाद्या आहेत. जखमींस जेथें आणावयाचें तें घर तरी उभें राहिलेंच पाहिजे, हा त्यांतील विचार.

परंतु शेतकऱ्याच्या घरास अशा गाद्या परवडणार नाहींत. मग किल्लारीस माणसें मेलीं तीं कशामुळें, हें नीट पाहिलें पाहिजे. तेथील माळवदाच्या घरांच्या भिंती जाड, दगड व मातीच्या गिलाव्यांत रचलेल्या, आणि वर लांकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत अशीं घरें थंड राहतात, म्हणून लोकांस तीं प्रिय. भूमि हालली तेव्हां जडत्वामुळें वरचें जड माळवद जागीं राहूं पाहूं लागलें व पायाखालची जमीन सरकली. मधल्यामध्यें भिंतीचे आंतील व बाहेरील थर एकमेकांपासून सुटून ढांसळले, कारण त्यांस एकत्र बांधणारें कांहींच नव्हतें. जो गुण यंत्रांत मित्र होता, तोच येथें वैरी ठरला. उपाय अवघड नाहींत. छप्पर हलकें करावें. भिंतींत ठिकठिकाणीं आरपार जाणारे लांब दगड घालावेत. आणि पायावर, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर व छपराखालीं सर्व भिंतींस कमरपट्ट्याप्रमाणें वेढणारी लोखंडी सळयांची काँक्रीटची पट्टी द्यावी. किल्लारीनंतर मराठवाड्यांत जीं घरें दुरुस्त झालीं व नवीं बांधलीं गेलीं, त्यांत या गोष्टींचा पुरस्कार झाला.

आज आपल्या खिशांतील मोबाइल दूरध्वनींतही सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगवर बसविलेलें एक वजन असतें. दूरध्वनि आडवा केला कीं चित्र आडवें होतें, तें त्या वजनामुळें. मोटारीची टक्कर होतांच हवेची पिशवी उघडते, तीही अशाच वजनाच्या सूचनेनें. चांग हंगच्या भांड्याचा हा अतिसूक्ष्म वंशजच होय. भूकंपाची पहिली हलकी लाट कठीण खडकांतून सेकंदास सुमारें सहा किलोमीटर धांवते व घरें पाडणारी दुसरी सुमारें साडेतीन. शंभर किलोमीटर अंतरावर या दोहोंत सुमारें बारा सेकंदांचें अंतर पडतें. तेवढ्यांत इशारा देणारी योजना जपाननें २००७ मध्यें सर्व देशास लागू केली. आपल्याकडे उत्तराखंडांत २०२१ मध्यें दूरध्वनीवरून असा इशारा देण्याची योजना सुरू झाली. परंतु जेथें भूकंप अगदीं पायाखालींच होतो, तेथें दोन्ही लाटा जवळजवळ एकदमच येतात. किल्लारीच्या झोपलेल्या लोकांस कोणत्याही इशाऱ्यानें वांचविलें नसतें; नीट बांधलेल्या भिंतींनीं मात्र पुष्कळांस वांचविलें असतें.

तात्पर्य, कंपाशीं केवळ बळानें झुंजून भागत नाहीं. त्याचा ताल आधीं ओळखावा लागतो, आणि मग कोठें घट्ट धरावें, कोठें लवावें व कोठें त्याचें बळ जिरवावें हें ठरवावें लागतें. विद्यार्थिमित्रांनो, वर सांगितलेला दोऱ्याचा प्रयोग घरीं करून पाहा व वडील मंडळींसही दाखवा. उशाशीं भिंतीस न ठोकलेलें कपाट किंवा डोक्यावरच्या फळीवर जड पेटी ठेविली असल्यास ती आजच हालवा. आणि घरांत नवें बांधकाम निघेल तेव्हां भिंतींस वेढणारी पट्टी घातली आहे कीं नाहीं, एवढा एक प्रश्न गवंड्यास विचारण्यास वडिलांस अवश्य सांगा. त्या प्रश्नास पैसा लागत नाहीं. आणि त्याच्या उत्तरावर कदाचित् साऱ्या घरादाराचा जीव अवलंबून असेल.